तिकिटावर नऊ तास, हातात पावणेपाच: लांब लेओव्हरचा हिशेब, सातारा-सांगलीकरांसाठी

पुणे किंवा कोल्हापूर विमानतळावरून थेट जाता येईल अशी ठिकाणं मोजकीच आहेत. मुलाकडे अमेरिकेला निघालेले कराडचे आईवडील असोत, की सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली विटा-आटपाडीकडची मंडळी, मध्ये कुठेतरी विमान बदलावंच लागतं. त्यातही स्वस्त तिकीट हमखास लांब थांब्याचं, म्हणजे लेओव्हरचं, निघतं. मग काहीजण नऊ तास एकाच खुर्चीत बसून पाठ मोडून घेतात. काहीजण तिकिटावरच्या वेळा बघून शहरात फिरायला जातात आणि परत येईपर्यंत काउंटर बंद झालेला असतो. दोन्ही टाळता येतं, पण त्याची तयारी तिकीट काढतानाच करावी लागते.

१. आधी बघा: तिकीट एक की दोन?

दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर असतील तर ते एक तिकीट. पहिलं विमान उशिरा पोचून दुसरं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवून देणं ही कंपनीची जबाबदारी. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर पहिल्या कंपनीचा दुसऱ्या विमानाशी काही संबंध नाही. ते चुकलं की पैसे गेले. वेगळी तिकिटं काढून हजार-दोन हजार वाचत असतील, तर मध्ये देशांतर्गत प्रवासाला किमान चार तास आणि परदेशी विमानाला सहा तास ठेवा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीमार्गे परदेशी जाणार असाल, तर सरळ आदल्या दिवशी दिल्ली गाठा. धुक्यात सकाळची विमानं किती लटकतील याला धरबंध नसतो.

चेक-इनच्या काउंटरवर बॅगेला टॅग लावला, की त्यावरची तीन अक्षरं वाचा. कोल्हापूरहून हैदराबादमार्गे दिल्लीला जाताना त्यावर डीईएल हवं. एचवायडी असेल तर बॅग हैदराबादलाच पट्ट्यावर येणार आणि तुम्ही दिल्लीत तिची वाट बघत बसणार. तिथल्या तिथे विचारा, टॅग बदलून मिळतो.

परदेशातून येताना नियम उलटा. टॅगवर पुणे लिहिलेलं असलं, तरी बहुतेक वेळा भारतातल्या पहिल्या विमानतळावरच बॅग उचलावी लागते. ती कस्टममधून न्यायची आणि बाहेरच्या ट्रान्सफर काउंटरवर परत द्यायची. बॅग आपोआप पुढे जाईल या भरवशावर निघून गेलेल्यांच्या बॅगा मागेच राहतात.

आणखी दोन सापळे इथेच सांगतो. एक, मध्यरात्रीनंतरची तारीख. १२ तारखेला ००:४० चं विमान म्हणजे ११ तारखेच्या रात्रीचं. १२ च्या रात्री तुम्ही पोचाल तेव्हा ते जाऊन जवळपास चोवीस तास झालेले असतील. दोन, टर्मिनल. उतरायचं टर्मिनल आणि पुढचं टर्मिनल एकच आहे का, हे दोन्ही तिकिटांवर तपासा. दिल्लीत टी१ आणि टी३ मध्ये रस्त्याने बरंच अंतर आहे. मुंबईत टी१ सांताक्रूझच्या बाजूला, टी२ सहारला.

२. हातातले तास काढा

हिशेब नेहमी शेवटाकडून मांडा. देशांतर्गत विमानाला दोन तास आधी आणि परदेशी विमानाला तीन तास आधी विमानतळाच्या दारात असायचं. देशांतर्गत बॅगेचा काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतो आणि गेट २५ मिनिटं आधी. तिकिटावर छापलेली वेळ विमान हलायची असते, तुम्ही गेटवर पोचायची नव्हे.

एक उदाहरण घ्या. पुण्याहून निघालेलं विमान दिल्लीला टी३ वर सकाळी ७ ला उतरतं आणि पुढचं देशांतर्गत विमान दुपारी ४ ला आहे. तिकिटावर नऊ तास. विमानातून उतरून दाराबाहेर यायला ७:४०, मेट्रोत बसायला ८, शहरात ८:३०. परतताना २ वाजता टी३ च्या दारात हवं, म्हणजे शहरातून सव्वा वाजता निघायचं. हातात उरले पावणेपाच तास. पुढचं विमान परदेशी असेल तर पावणेचारच. पट्ट्यावरून बॅग घ्यायची असेल तर आणखी अर्धा तास कापा.

यावरून ढोबळ नियम असा. थांबा पाच तासांपेक्षा कमी असेल, तर आतच बसा. पाच ते सात तासांत विमानतळाच्या आजूबाजूचं काही जमलं तर जमलं. दिल्ली-मुंबईत शहरात जायला आठ तास हवेत, हैदराबादला नऊ आणि बेंगळुरूला किमान दहा. हे सगळं दिवसाच्या तासांसाठी आहे. रात्री अकरा ते पहाटे पाचमध्ये मेट्रो बंद, किल्ले-संग्रहालयं बंद. रात्रीचा लांब थांबा झोपेसाठी वापरावा, त्यात फिरायचा हट्ट नको.

३. जवळ काय हवं, बॅगेत काय नको

हातातल्या पिशवीत हे ठेवा:

– मूळ ओळखपत्र. आधारची झेरॉक्स दारावर चालत नाही. मोबाइलमधलं एमआधार चालतं, पण मोबाइलची बॅटरी संपली की तेही संपलं.
– दोन्ही विमानांचे बोर्डिंग पास. दुसऱ्या विमानाचं वेब चेक-इन घरूनच करा. बाहेर पडून परत आत येताना दारावर पुढचं तिकीट दाखवावं लागतं. एक छापील प्रत असलेली बरी.
– परदेशी जाणार असाल तर पासपोर्ट आणि व्हिसा. नातवंडं परदेशी पासपोर्टवर असतील तर त्यांचं मूळ ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड.
– रोजची औषधं, एक पातळ शाल (एसी फार असतो), रिकामी पाण्याची बाटली.
– पॉवर बँक. ती चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, हातातच न्यावी लागते. नेहमीची २०,००० एमएएचची म्हणजे साधारण ७४ वॉट-अवर. मर्यादा १०० ची, त्यामुळे अडचण नाही.

आता आपल्याकडच्या सामानाचं. सुकं खोबरं हातातही चालत नाही आणि चेक-इनलाही नाही. त्यात तेल भरपूर असतं आणि ते आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून ते ज्वालाग्राही मालात मोडतं. डोहाळजेवणाला निघालेल्या बायकांच्या पिशवीतल्या वाट्या इथेच बाहेर निघतात. तिखटपूड, मसाला, लोणचं, तूप ही मंडळी चेक-इनच्या बॅगेत घाला. हातात असतील तर सुरक्षा तपासणीत अडतात. सांगलीची हळद अमेरिकेला नेत असाल तर तीही खालीच ठेवा, कारण अमेरिकेच्या विमानात ३५० मिलिलिटरहून जास्त पूड हातात असेल तर वेगळी तपासणी होते आणि ती अडू शकते. अडकित्ता, नेलकटरला जोडलेला चाकू आणि कात्री खाली. काडेपेटी आणि लायटर घरी. भडंग, दशम्या, धपाटे, कंदी पेढे मात्र बिनधास्त हातात न्या. ओली चटणी तेवढी वगळा.

डिजियात्रा ॲप घरून निघण्यापूर्वीच भरून ठेवा. दिल्ली, बेंगळुरू आणि वाराणसीत हे १ डिसेंबर २०२२ ला सुरू झालं, आता पुणे, मुंबई, हैदराबादलाही आहे. आधारवरून नोंदणी करायची, बोर्डिंग पास ॲपमध्ये टाकायचा, मग दारावर आणि सुरक्षेच्या रांगेत चेहरा दाखवून आत. हे फक्त देशांतर्गत प्रवासाला. परदेशी वारंवार जाणाऱ्यांनी इमिग्रेशनच्या फास्ट ट्रॅकसाठी ऑनलाइन अर्ज करावा. ही सोय दिल्लीत जून २०२४ मध्ये सुरू झाली, नंतर मुंबई आणि इतर मोठ्या विमानतळांवर आली. बोटांचे ठसे एकदा द्यावे लागतात, पुढे स्वयंचलित गेटमधून जाता येतं.

४. बाहेर पडण्यापूर्वी

देशांतर्गत विमानातून उतरून पुढे परदेशी विमान धरायचं असेल आणि मध्ये शहर बघायचं असेल, तर इमिग्रेशनकडे अजिबात वळू नका. पासपोर्टवर शिक्का बसला की कागदोपत्री तुम्ही देश सोडलेला असतो, मग फिरायला बाहेर पडता येत नाही. ‘आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर’च्या पाटीमागे न जाता साध्या आगमनाच्या दारातून बाहेर पडा आणि परतताना प्रस्थानाच्या दारातून आत या.

हातातली बॅग जड असेल तर ती घेऊन किल्ल्याच्या पायऱ्या चढू नका. मोठ्या विमानतळांवर आगमनाच्या बाजूला सामान ठेवायची सोय असते, पैसे तासांवर घेतात. बॅगेला कुलूप हवं, पावती सांभाळा. पासपोर्ट आणि दागिने मात्र तिथे ठेवू नका.

टॅक्सी प्रीपेडच्या खिडकीवरून किंवा ॲपवरून घ्या. ‘सर, कहाँ जाना है’ म्हणत बॅगेला हात घालणाऱ्याला नुसती मान हलवून पुढे चला. भाव विचारायलाही थांबू नका, थांबलात की सुटका नाही.

५. कुठल्या शहरात काय जमतं

दिल्ली. लांब थांब्यासाठी सर्वात सोयीचं शहर हेच, कारण टी३ च्या खालूनच एअरपोर्ट एक्सप्रेस मेट्रो निघते आणि साधारण वीस मिनिटांत नवी दिल्ली स्टेशनला पोचते. भाडं शंभर रुपयांच्या आत. शेवटून दुसऱ्या, शिवाजी स्टेडियम स्थानकावर उतरलात तर बंगला साहिब गुरुद्वारा चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. तिथे दिवसरात्र प्रवेश असतो आणि लंगरमध्ये पोटभर जेवण मिळतं. डोक्याला रुमाल बांधायचा, जोडे जोडाघरात द्यायचे, पाय धुऊन आत जायचं. तिथून कॅनॉट प्लेस चालत. थकलेल्या ज्येष्ठांसाठी एवढंच पुरे. परत मेट्रोत बसा.

पाय भक्कम असतील तर नवी दिल्लीहून पिवळ्या लाइनने दोन स्थानकं पुढे चांदनी चौक, आणि तिथून चालत लाल किल्ला. त्याला दोन तास ठेवा. सोमवारी किल्ला बंद असतो, आणि हे तिथे पोचल्यावर कळणाऱ्यांची संख्या कमी नाही. कोरेगाव तालुक्यातल्या कण्हेरखेडच्या शिंदे घराण्यातले महादजी १७८४ मध्ये इथल्या बादशहाचे वकील-ए-मुतलक, म्हणजे सर्वाधिकारी कारभारी, झाले. त्यामुळे साताऱ्याच्या माणसाने हा किल्ला परका समजायचं कारण नाही.

टी१ वर उतरलात तर हिशेब वेगळा. तिथली मेट्रो मॅजेंटा लाइनची, ती थेट नवी दिल्लीला जात नाही. हौज खासला गाडी बदलून पिवळ्या लाइनने कुतुबमिनार स्थानक गाठा. कुतुबमिनार सोमवारीही उघडा असतो. मेट्रोत शिरतानाही सामान तपासतात, त्यासाठी संध्याकाळच्या गर्दीत पंधरा-वीस मिनिटं जास्त धरा.

मुंबई. पूर्वी मुंबईच्या थांब्यात बाहेर पडणं म्हणजे पश्चिम द्रुतगती मार्गावर अडकणं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण झाली आणि चित्र पालटलं. टी२ चं स्वतःचं स्थानक आहे, टी१ चंही आहे. त्यामुळे टर्मिनल बदलायलाही मेट्रो चालते, मध्ये एकच स्थानक. सिद्धिविनायकाला जाऊन यायला अडीच-तीन तास पुरतात. मंगळवार मात्र टाळा. दक्षिण मुंबईला जायचं तर सीएसएमटीपर्यंत पाऊण तास धरा. हुतात्मा चौकात उतरून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि पुढे गेटवे, हा चार तासांचा सुटसुटीत फेरा. जुलै-ऑगस्टमध्ये मुसळधार पाऊस लागला तर बेत रद्द करा. टी२ मधली ‘जय हे’ची कलाभिंत बघत तासभर सहज जातो, आणि त्याला वेगळं तिकीट नाही.

हैदराबाद. विमानतळ शमशाबादला, शहरापासून वीस-बावीस किलोमीटर. पुष्पक नावाच्या बस विमानतळावरून शहरात जातात. चारमिनारकडे दुपारनंतर गर्दी तुंबते, म्हणून सकाळचा थांबा असेल तरच तिकडे. नाहीतर गोवळकोंडा. १६७७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज कुतुबशहाच्या भेटीला भागानगरला, म्हणजे हैदराबादला, आले, ते याच गोवळकोंड्याच्या राज्यात. किल्ल्याला दोन तास आणि उन्हाळ्यात टोपी-पाणी लागतं. सालारजंग संग्रहालय शुक्रवारी बंद.

बेंगळुरू. विमानतळ देवनहळ्ळीला, शहरातल्या मुख्य बसस्थानकापासून (मॅजेस्टिक) पस्तीस किलोमीटरच्या आसपास. वायू वज्र बस रात्रंदिवस असतात, पण रहदारीत जायलाच दीड-दोन तास जातात. दहा तासांहून कमी वेळ असेल तर शहराचं नाव काढू नका. त्यापेक्षा कॅबने देवनहळ्ळीचा किल्ला बघा. टिपू सुलतानाचं जन्मस्थान त्याला लागूनच आहे. दोन तासांत जाऊन येता येतं. किंवा टी२ मध्येच बसा, बांबू आणि झाडांमध्ये बांधलेलं ते टर्मिनल थांबायला सुखाचं आहे.

चेन्नईत मेट्रो थेट विमानतळातून निघते, एवढं लक्षात ठेवलं तरी टॅक्सीवाल्यांशी घासाघीस वाचते.

६. आतच थांबायचं असेल तर

तुमच्या डेबिट किंवा क्रेडिट कार्डावर लाउंज फुकट आहे का, हे बँकेच्या ॲपमध्ये आधीच बघा. अनेक बँकांनी आता ‘मागच्या तिमाहीत इतका खर्च केला असेल तरच’ अशी अट घातली आहे. कार्ड घासल्यावर दोन-चार रुपये कापले जातात, ते तपासणीचे. लाउंजमध्ये साधारण दोन-तीन तासच बसू देतात. त्यामुळे नऊ तासांच्या थांब्यात उतरल्या उतरल्या आत शिरू नका, जेवणाची वेळ साधा.

लाउंज नसेल तर खाणं घरचंच बरं. विमानतळावरच्या चहाच्या किमतीत साताऱ्यात दोघांचा नाश्ता होतो. कोलकाता आणि चेन्नई विमानतळांवर ‘उडान यात्री कॅफे’ आहे, तिथे चहा १० रुपयांना आणि समोसा २० रुपयांना मिळतो. पाण्याची रिकामी बाटली सुरक्षा तपासणीनंतर नळावर भरून घ्या.

वाय-फायसाठी मोबाइलवर ओटीपी येतो. परदेशी सिम असलेल्यांना तो येत नाही. त्यांनी माहिती कक्षात किंवा किऑस्कवर पासपोर्ट दाखवून कूपन घ्यावं.

झोपायचं असेल तर मोठ्या टर्मिनलांमध्ये तासांवर मिळणाऱ्या खोल्या किंवा झोपण्याच्या कप्प्यांची सोय असते. खोली टर्मिनलच्या नेमकी कुठल्या बाजूला आहे, हे बुक करताना विचारा. सुरक्षेच्या आत असलेल्या खोलीत बाहेरून जाता येत नाही. खुर्चीत झोपणार असाल तर बॅगेचा पट्टा पायाला अडकवा आणि गेटजवळ झोपा. अनेक विमानतळांवर आता गेटच्या घोषणा होत नाहीत. गजर लावा आणि उठल्यावर फलकावर गेट नंबर परत बघा, तो बदललेला असू शकतो.

७. थांबा ठरलेला नसून लांबलेला असेल तर

तिकिटातच असलेल्या थांब्यासाठी कंपनी काही देणं लागत नाही. पण विमान उशिरा असेल, तर डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमानुसार खाण्यापिण्याची सोय करावी लागते. उड्डाण अडीच तासांपर्यंतचं असेल तर दोन तासांच्या उशिराला, अडीच ते पाच तासांचं असेल तर तीन तासांच्या आणि त्याहून लांब असेल तर चार तासांच्या. रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान सुटणारं विमान सहा तासांहून जास्त लांबलं, तर हॉटेलही. सोय आपणहून कोणी आणून देत नाही. काउंटरवर जाऊन शांतपणे मागा, आवाज चढवून लवकर मिळत नाही. उशिराचा मेसेज डिलीट करू नका.

८. परतीचा थांबा: रात्री दोनला मुंबईत उतरल्यावर

परदेशी विमानं मुंबईत बरेचदा मध्यरात्रीनंतर उतरतात आणि सांगली-साताऱ्याकडे जाणाऱ्या ट्रॅव्हल्स तोवर सुटून गेलेल्या असतात. हाही एक लेओव्हरच. आगमनाच्या शेवटच्या दारातून बाहेर पडलं की परत आत येता येत नाही. त्यामुळे हातपाय धुणं, औषध, घरी फोन हे सगळं आतच उरका.

बॅगा दोनच आणि सुटसुटीत असतील, तर सकाळच्या पहिल्या मेट्रोने टी२ हून सीएसएमटी गाठा. तिथून पावणेनऊच्या सुमाराला कोयना एक्सप्रेस सुटते. ती दुपारनंतर साताऱ्याला, पुढे कराड करत संध्याकाळी सांगली-मिरजेला पोचते. आरक्षण विमानाच्या तिकिटाबरोबरच काढा आणि विमान उतरल्यापासून गाडी सुटेपर्यंत पाच तास ठेवा. रविवारी पहिली मेट्रो किती वाजता आहे, ते आदल्या दिवशी बघा. दिवसा उतरलात तर रात्री आठनंतरची महालक्ष्मी एक्सप्रेस सोयीची, झोपून गावी.

घाई असेल तर टॅक्सी किंवा बसने पुणे, आणि स्वारगेटहून साताऱ्याची एसटी. ती सतत असते. सांगलीकरांनी मुंबई-कोल्हापूर विमानही बघावं, कोल्हापूर विमानतळ असलेल्या उजळाईवाडीहून सांगली पन्नासेक किलोमीटर. मात्र ते टी१ वरून आहे की टी२ वरून, हे आधी तपासा. आणि रेल्वेने साताऱ्याला उतरणार असाल तर स्टेशन माहुलीत आहे, गावापासून सहा-सात किलोमीटर. न्यायला कोणाला बोलवायचं असेल तर गाडीने वाठार सोडलं की फोन करा.